आधी तू सांग

वर्लीन पंधरा वर्षं नर्स होती आणि तेच आता तिच्या आड येत होतं.

इमर्जन्सी वॉर्डात माणूस दारातून आत आला की नुसत्या चेहऱ्याच्या रंगावरून ती ओळखायची, याचं काही खरं नाही. पण ओळखून करायचं काय, तर डॉक्टरला हाक मारायची. आता ती पुढचं शिकत होती. स्वतः तपासायचं, स्वतः निदान करायचं, औषध स्वतः लिहून द्यायचं. केंटकीच्या या डोंगरात गावोगावचे दवाखाने अशाच नर्सेसवर चालतात. डॉक्टर डोंगरापलीकडे, तासाभराच्या वळणावळणाच्या रस्त्यावर.

या खोऱ्यातला दवाखाना मॅक्सीन नीसचा. उन्हाळ्यात ती काम सोडणार होती आणि तिच्या जागी कोणी आलं नाही तर दाराला कुलूप. वर्लीन याच खोऱ्यातली. तिला ते कुलूप लागू द्यायचं नव्हतं, बस्स. लेखी परीक्षा सगळ्या झाल्या होत्या. ती एकटीने पेशंट बघू शकते की नाही, हे मॅक्सीनने या आठवड्यात कॉलेजला कळवायचं होतं.

"आज विचारलं तर मी नाही म्हणेन," मॅक्सीनने सकाळी कॉफी ओतता ओतता सांगून टाकलं. "तू मला बीपी सांगतेस, ताप सांगतेस, पेशंटच्या पोरीचं लग्न कुठे जमलं तेही सांगतेस. आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसतेस. आधी तू सांग काय झालंय. तू काय करणार ते सांग. मग मी तोंड उघडेन."

"आणि चुकलं तर?"

"चुकशीलच. मी इथे काय शोभेला बसलेय?"

पहिलाच पेशंट ओकली फ्यूगेट. वर्लीनच्या बापाबरोबर तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. बायको ऑपल त्याला गाडीत घालून घेऊन आली होती.

"कसं काय, ओकलीकाका?"

"चाललंय ठीक," तो म्हणाला. दोन शब्दांएवढाही दम नव्हता, मध्ये थांबावं लागलं. "तू अर्लची पोरगी ना? तुझा बाप गाणं भयंकर म्हणायचा."

"अजून चर्चमध्ये लोक आठवण काढतात. त्रास काय होतोय?"

"धाप. कोळसा आहे, दुसरं काय. तुझ्या बापाला नेलं, मलाही नेणार."

वर्लीनने छाती ऐकली, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. आकडा कमी होता, पण खाणीतल्या माणसाचा तो कमीच असतो. या खोऱ्यात म्हातारा खोकला की पोरंसोरंही सांगतात, फुप्फुसं काळी झालीत. वर्लीनने तर घरातच ते बघितलं होतं. ती बाहेर आली आणि मॅक्सीनच्या तोंडाकडे न बघता ठणकावून म्हणाली, "काळ्या फुप्फुसाचा आजार वाढलाय. श्वासाचा फवारा बदलून देते, आठवड्याने बोलावते."

मॅक्सीनने मान हलवली. "सांगितलंस, हे बरं केलंस. बूट काढून पाय बघितलेस?"

"नाही."

"वॉर्डात बघितले असतेस?"

"लगेच. पण..." पण हा तिच्या बापाचा दोस्त. वडीलधाऱ्या माणसाला, तेही बायकोसमोर, बूट काढ म्हणायची तिला लाज वाटली होती. ते तोंडातून निघेना. "परत जाते," ती म्हणाली.

"काका, बूट काढावे लागतील."

"मेल्यावर काढा."

"तोवर थांबायला मला वेळ नाही." ती खाली बसलीच, गुडघ्यांवर. नाड्या आधीच सैल सोडलेल्या होत्या. मोज्याचा काठ मांसात रुतला होता. तिने नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"काकू, हे रात्री झोपतात कुठे?"

ऑपल जणू याच प्रश्नाची वाट बघत होती. "खुर्चीत. गेला महिनाभर. मला म्हणतात, तू घोरतेस म्हणून."

"घोरतेच ती," ओकली म्हणाला.

मग वर्लीनने एकेक विचारत नेलं. आडवं झालं की गुदमरतं? हो. गुडघ्यासाठी काय घेता? दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या, मूठमूठ. जेवण? रोज खारवलेलं हॅम. छातीत दुखतं? नाही. मानेची शीर फुगलेली होती. पाठीला स्टेथोस्कोप लावून तिने पुन्हा ऐकलं, या वेळी अगदी खालपर्यंत. तळाशी ओली करकर होती. ईसीजी काढला, त्यात धोक्याचं ताजं काही नव्हतं.

"काका, फुप्फुसं खराब आहेतच. पण आत्ता तुम्हाला बुडवतंय ते पाणी. हृदय थकलंय. हॉस्पिटलात जाल?"

"माझा भाऊ गेला होता. शवपेटीतून आला."

ती बाहेर आली.

"हृदय आहे. मघाशी मी चुकले. पाणी काढायची गोळी आत्ता देते, रक्त तपासायला पाठवते. गुडघ्याच्या गोळ्या बंद, खारं हॅम बंद, दोन्ही अंगात पाणी धरून ठेवतात. परवा परत."

"मी हॉस्पिटलात धाडलं असतं," मॅक्सीन म्हणाली.

पूर्वीची वर्लीन इथे बरं म्हणाली असती. "मीही विचारलं. ते जाणार नाहीत. रागावले तर घरी बिनऔषधाचे बसतील. आत्ता बसून बोलतायत, छातीत दुखत नाही, ऑक्सिजन नेहमीएवढाच आहे. खुर्चीत बसूनही धाप याहून वाढली तर अँब्युलन्स बोलवायची, त्यांना न विचारता. तसं काकूंकडून कबूल करून घेते."

मॅक्सीनने ईसीजीचा कागद उचलून बघितला. "परवा नको. उद्या. आणि रोज वजन."

"त्यांच्याकडे काटा नाही. पशुखाद्याच्या दुकानातला चालेल, रोज तिथे गप्पा मारायला जातातच."

दुसऱ्या दिवशी ओकली आला तो कुरकुरतच. रात्रभर लघवीला उठावं लागलं, दुकानात पोत्यांच्या काट्यावर उभं केलं, लोक हसले. ही सगळी तक्रार त्याने मध्ये न थांबता केली. दवाखान्यातल्या काट्यावर वजन कालच्यापेक्षा चार पौंड उतरलं होतं. रक्ताच्या अहवालानेही हृदयाकडेच बोट दाखवलं. हृदयाच्या डॉक्टरकडे जायला मात्र तो तयार होईना. वर्लीनने अर्धा तास वाद घातला. शेवटी ऑपल म्हणाली, "मी नेते, बघू कसे येत नाहीत."

दुपारी मॅक्सीनने कॉलेजला फोन लावला. दार उघडंच होतं.

"हो, बघू शकते," ती म्हणत होती. "नाही, चुकली. तेच सांगतेय तुम्हाला. चुकली आणि स्वतःच्या पायांनी परत आत गेली."

फोन ठेवून ती बाहेर आली, पर्स उचलली. "मी जेवायला घरी चाललेय. बाहेर तीन जण बसलेत."

"आणि काही अडलं तर?"

"तर फोन कर. पण आधी तू सांगायचंस."

वर्लीनने हात धुतले आणि दारातून पुढचं नाव पुकारलं.