नाटकात न मेलेल्या मायाप्पाचे लुगडे

मी एक इरकली लुगडे आहे. अंग हिरवे, काठ तांबडा. आपण केवळ बायकांसाठी विणले गेलो, अशी माझी समजूत होती. सोलापुरात मला नेसली ती मायाप्पा. जन्माने मुलगा, लहानपणीच यल्लम्मा देवीच्या नावाने सोडलेली. लोक तिला 'तो' म्हणत, ती स्वतःला 'ती' म्हणे. मी तिच्या अंगावरचे असल्याने तिचेच प्रमाण मानतो, म्हणजे मानते.

देवीचा वार म्हणून मंगळवारी चाळीतल्या बायका तिच्या परडीत जोंधळे घालून पाया पडत. बुधवारी त्याच बायका तिला नळावरून हुसकत. त्र्याहत्तरचा तो दुष्काळी उन्हाळा होता. या रीतीची संगती मला आजही लागलेली नाही.

गिरणीतले हिंदुराव कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी नाटके लिहीत. हा अन्याय पाहून त्यांनी मायाप्पावरच नाटक लिहिले आणि वाचनाला तिलाही बोलावले. शेवटच्या अंकात तहानेने व्याकूळ मायाप्पा नळापाशी मरते. ऐकणारे डोळे पुसू लागले.

"मला मारता व्हय, दादा?" मायाप्पाने विचारले.

"आगं, त्याबिगर लोकांना पाझर कसा फुटंल?"

"रडत्याल की लई. पर मला पाणी पायजे!"

हिंदुराव चाचरले. "बरं, बघू. तुझं काम चन्नवीर करणार हाय. तू लुगडं तेवढं दे."

"लुगडं चालतंय, मी न्हाय?"

"मी हुबेहूब करीन की," नाटकात बायकांची कामे करणारा चन्नवीर हसला.

"कर. मग उद्या नळावरबी तूच जा, घागर घिऊन."

चन्नवीरचे हसू मावळले. हिंदुरावांनी शेवटचा अंक फाडला, नव्याने लिहिला आणि भूमिका मायाप्पाला दिली.

प्रयोगात तिने नळाखाली घागर लावली व प्रेक्षकांकडे वळून म्हणाली, "मी मरणार न्हाय. मी पाणी भरणार हाय."

एकही टाळी पडली नाही. गतवर्षी नाटकात लुगडे नेसलेल्या चन्नवीरला याच लोकांनी शिट्ट्या वाजवून डोक्यावर घेतले होते. मी गोंधळून गेले.

दुसऱ्या सकाळी ती मलाच नेसून नळावर गेली. नाटकाला पुढच्या रांगेत बसलेल्या मथुराबाई तेथे उभ्या होत्या. त्यांनी आपली घागर उचलली व त्या बाजूला झाल्या.

आता माझा पदर विरला आहे. वाचकहो, मथुराबाई वाट देण्यासाठी सरल्या, की स्पर्श टाळण्यासाठी? कोणास उमगले असेल, तर मला अवश्य सांगावे. मायाप्पाने मात्र विचारले नाही. तिने नळ उघडला आणि घागर काठोकाठ भरून घेतली.