नातीची बातमी

कुंभाराचा आवा सकाळीच पेटला होता. मडकी आत भाजत होती आणि बाहेर कुंभारणीच्या पोटात परवापासून एक बातमी.

लेकीला मुलगी झाली होती. कुंभारीण जाऊन बाळाला मांडीवर घेऊनही आली. नवऱ्याला मात्र सांगितलं, बहिणीकडे गेले होते. कारण याचे पाय दुःख झालं की दारूच्या गुत्त्याकडे, राग आला की गुत्त्याकडे, आणि आनंद झाला तर धावतच. माणूस मनाचा वाईट नव्हता. मनात काही आलं की ते घटकाभर आत धरवत नसे, एवढंच. लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशी पेटता आवा सोडून गेला आणि सगळी मडकी तडकली. म्हणून हा आवा उतरेपर्यंत तोंड शिवून बसायचं, असं तिनं ठरवलं होतं.

पण गवळ्याच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. दूध घालता घालता म्हणाला, "काय आजोबा, नात झाली म्हणे. तोंड गोड कधी करताय?"

कुंभाराच्या हातातलं लाकूड गळून पडलं. तो हसला, रडला, गवळ्याला मिठी मारली आणि खुंटीवरचा सदरा ओढला.

"कुठं निघालात?" कुंभारीण आडवी आली.

"आलोच."

"तुमचं आलोच मला ठाऊक आहे. आवा कोण बघणार?"

"अगं, आजच्या दिवशी तरी अडवू नकोस."

"दुःखात जाता, रागात जाता, आता आनंदातही चाललात. मग या घरानं तुम्हाला सांगायचं तरी काय?"

सदऱ्यात एक हात घालून तो थांबला. "तुला कधी कळलं?"

"परवा. बघूनही आले."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"लेकच म्हणाली, बाबांना आणू नकोस. ते कधी कसे येतील नेम नाही, बाळ कसं देऊ त्यांच्या हातात?"

बोलून गेली आणि तिला वाटलं, आता हा जाणारच. पण त्यानं सदरा काढला, पडलेलं लाकूड उचलून आव्यात सारलं. उन्हं कलेपर्यंत आव्यापासून हलला नाही. आव्याचं तोंड मातीनं लिंपून झालं तेव्हा म्हणाला, "मला मागच्या खोलीत घाल आणि बाहेरून कडी लाव. आत्ता म्हणतोय तोवर लाव. नंतर काय बोलेन ते ऐकू नकोस."

दिवेलागणीला दार धडधडू लागलं. आधी विनवण्या झाल्या, मग शिव्या; तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. शेजारीण डोकावून गेली. कुंभारणीला लाज वाटली, रडू आलं, दोनदा हात कडीकडे गेला. शेवटी ती दाराला पाठ लावून बसली आणि मोठ्यानं सांगू लागली, "रंगानं सावळी आहे. नाक नावालाच आहे. जावळ मात्र दाट. आणि बोट धरलं की सोडत नाही."

दाराची धडधड थांबली.

"डोळे कसे आहेत ते सांग," तो म्हणाला, आणि दाराला पुन्हा लाथ घातली.