अठ्ठ्याहत्तर अंश

गायत्रीला लहानपणापासून एका आवाजाची भीती वाटत आली होती, आणि तो आवाज तिने कधीही ऐकलेला नव्हता. ती चार वर्षांची असताना सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये जेटचे झाकण आतल्या दाबासकट उघडले गेले, आणि तिच्या वडिलांचे गाववाले धुडकूकाका नेमके त्या वाफेपुढे उभे होते. तिचे वडील, नाना, त्या दिवशी घरी आले ते भिंतीकडे तोंड करून बसले. "कसा आवाज झाला हो?" असे आईने विचारले, त्यावर ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून तो न सांगितलेला आवाज पर्वत पाटियाच्या त्या दोन खोल्यांत मुक्कामाला होता. कुकरची शिट्टी होण्याआधी जो एक कोंडलेला क्षण असतो, त्यात तो गायत्रीला हटकून भेटे.

जेट म्हणजे कापड रंगवायचे आडवे पोलादी पिंप. त्यात कापड घालून झाकणाचे सहा बोल्ट आवळायचे, आतले पाणी एकशेतीस अंशांपर्यंत तापवायचे, मग हळूहळू निववायचे. पारा ऐंशीच्या खाली आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला आणि शेवटचा धर्म. नाना, म्हणजे सुपडू, गेली वीस वर्षे असेच एक जेट चालवत होते. त्यावरचा दाबाचा काटा वर्षभरापूर्वी एका जागी अडकला होता. तेव्हापासून ते आपल्या जुन्या रीतीवर काम निभावत. तांब्यातले पाणी झाकणावर शिंपडायचे. थेंब चर्रकन नाचून उडून गेले तर थांबायचे, ओघळून खाली आले तर बोल्ट सोडायचे.

गायत्री बी.एस्सी. झाली, एका खाजगी क्लासात शिकवू लागली आणि उरलेल्या वेळात कॉटवर बसून मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड जोडू लागली. आधी त्यांवर नुसते दिवे लुकलुकत. पण सुरतेतल्या प्लेगच्या सालानंतर दोन वर्षांनी, एका पावसाळ्यात, तिने जेटसाठी एक पेटी तयार केली. पेटी जेटच्या अंगाला बसली. तिच्यातला बोर्ड आतले तापमान मोजे आणि चाळीस फूट तारेवरून दर सेकंदाला एक आकडा वरच्या काचेच्या केबिनमधल्या जुन्या संगणकाला सांगे. शेठ म्हणाले होते, "लगाडी जुओ, बेन. कांटो तो आम पण मरेलो ज छे." लावून बघा, काटा तसाही मेलेलाच आहे.

ही बोलते कुठून, असे पेटी बसवली त्या दिवशी नानांनी आपल्या अहिराणीत विचारले होते, "ही बोलस कथाईन?" गायत्रीने पेटीच्या नऊ पिनांच्या प्लगावर बोट ठेवून, इथून, असे सांगितले होते, "आठून. हाई तिनं तोंड शे." प्लगाला मागून प्लॅस्टिकचे झाकण लागते. सुरतेत त्या आठवड्यात ते मिळाले नाही, म्हणून झाळलेल्या तारा तिने तशाच उघड्या ठेवल्या. नंतर बसवू, असे ती म्हणाली, आणि तो नंतर कधी आला नाही.

कामाची रीत साधी ठरली. पाणी निवले असे वाटले की नाना खालून उजवा हात वर करत. केबिनमधला कारकून छगन पडद्यावरचा आकडा बघे आणि तो ऐंशीच्या खाली असेल तर खटका दाबून जेटवरचा हिरवा बल्ब लावी. नाना प्रत्येक बोल्ट सोडण्याआधी मान वर करून त्या बल्बकडे बघत आणि बोटे कपाळाला लावत. पाण्याचा तांब्या आता चहाच्या भांड्यांत जाऊन पडला होता. कुणी त्यावरून छेडले की नाना छाती फुगवून म्हणत, "मन्ही पोर शे ना वर." आपण ज्याच्यावर प्रेम करतो त्याने आपल्यावर इतका विश्वास ठेवावा, याहून मोठे भय गायत्रीला ठाऊक नव्हते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी छगन रजेवर होता, म्हणून ती क्लासला सुट्टी टाकून नानांबरोबर पलसाण्याला आली. जेटला अजून झेंडूची माळ होती, झाकणावर कुंकवाचे पट्टे होते. नानांनी कापड भरले, पाणी तापवायला आत वाफ सोडली. वर संगणक सुरू झाला आणि पडद्यावर आकड्यांऐवजी वेडीवाकडी अक्षरे धो धो उतरू लागली. चौकोन, हसरे चेहरे, अर्धे कंस. मधूनच एखादा धड आकडा येई, गर्दीत ओळखीचा चेहरा दिसून हरवावा तसा.

किसन नावाचा परभणीकडचा मदतनीस दारातून डोकावला. "काय ताई, तुमची पेटी कालच्या परसादानं झिंगली की काय?"

"तूच झिंगलास," गायत्री म्हणाली. "जा, नानांना सांग, वाफ बेताने सोडा म्हणावं."

तिने क्रमाने तपासायला घेतले. पेटी आणि संगणक, दोन्हीकडचा बोलण्याचा वेग एकच होता. संगणकाच्या प्लगातल्या दोन पिना तिने साडीच्या सेफ्टी पिनेने जोडल्या आणि एक अक्षर टाइप केले. ते जसेच्या तसे परत आले. म्हणजे संगणकाचे कान शाबूत होते; दोष तारेत तरी होता, नाही तर खाली, पेटीपाशी. तिने खाली जायला पाऊल उचलले, एवढ्यात शेठ आले.

"शुं थयुं, बेन? पार्टी दोन वाजता माल मागते. मशीन बंद नको करू."

"शेठ, केबल सोडून बघावी लागेल."

"संध्याकाळे जोजो ने, नंतर बघ! आत्ता फक्त आकडा दिसला पाहिजे."

आणि इथे तिच्या हातून ती गोष्ट घडली. चूक करताना माणसाला वाटते की आपण नीटनेटकेपणा करतो आहोत. तिने प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या: जे आले ते आकडा नसेल तर फेकून दे, आणि शेवटचा धड आकडा पडद्यावर तसाच ठेव. पडदा लगेच शांत झाला. चौसष्ट. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. शेठ समाधानाने गेले. गायत्रीला भूक लागली होती. मागच्या पडवीत घडी घालणाऱ्या बायकांमध्ये ती डबा घेऊन बसली. त्यांतल्या पुष्पाबाईने तिला ठेच्याबरोबर तिच्या लग्नावरून चार टोमणेही वाढले, आणि असे करता करता दीड तास गेला.

ती परतली तेव्हा पडद्यावर अठ्ठ्याहत्तर होते. खाली नानांनी उजवा हात वर केला होता. तिने आकडा बघितला. ऐंशीच्या खाली. तिने खटका दाबला.

हिरवा बल्ब लागला. नानांनी वर बघून कपाळाला बोटे लावली आणि पाना पहिल्या बोल्टला लावला.

गायत्री खुर्चीत बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. किती स्वस्थ होता तो आकडा. संध्याकाळी तळ्याचे पाणी असते तसा. त्या स्वस्थपणात काहीतरी होते, जे तिच्या मानेवरून थंड बोटासारखे उतरत गेले. हा आकडा कधी असा उभा राहत नसे. जिवंत पाणी थरथरते: अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर, पुन्हा अठ्ठ्याहत्तर, असा तो नेहमी नाडीसारखा हलत असे. नाडी थांबते तेव्हाच ती इतकी शांत होते.

आणि मग तिला आठवले. डबा घेऊन उठताना, पडद्याकडे शेवटचे बघताना, तिथे हेच होते. अठ्ठ्याहत्तर.

दीड तासात पाणी एकशेतीसवर गेले होते. ते परत किती उतरले, हे कुणालाच ठाऊक नव्हते. पेटी त्यानंतर एक धड शब्द बोलली नव्हती, आणि तिच्या त्या दोन ओळी मुक्याच्या वतीने एकच जुने वाक्य बोलत बसल्या होत्या.

"नाना!" ती किंचाळली. बारा मशीनच्या घरघरीत ती किंचाळी काचेलाही ओलांडून गेली नाही. खाली पहिला बोल्ट सुटला होता. नाना वर बघत होते. बल्ब हिरवा होता. बोटे कपाळाला गेली. दुसरा बोल्ट. लोखंडी जिना बावीस पायऱ्यांचा, पुढे सगळ्या मशीनना वळसा. ती पोचेपर्यंत तीन बोल्ट सुटले असते, कदाचित चार. तिचे पाय दाराकडे गेले आणि तिथून परत आले. तेवढ्यात झाकणाच्या कडेतून पांढऱ्या दोऱ्यासारखी वाफेची एक रेघ बाहेर आली. रंगाच्या वाफांनी अधू झालेल्या नानांच्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. गायत्रीला दिसत होती. त्या क्षणी तो आवाज, जो तिने कधी ऐकला नव्हता, तिच्या कानांच्या अगदी आत येऊन उभा राहिला.

तिने खटका बंद केला.

नानांनी पाना तिसऱ्या बोल्टला लावला. बघा, वर बघा, नाना. त्यांनी मान वर केली. बल्ब विझलेला होता. ते क्षणभर थबकले, आणि मग हसले. त्यांनी हवेत हात असा झटकला, की उडाला वाटतं बल्ब. तिथल्या वाफेत बल्ब आठवड्याला एक उडे. ते पुन्हा वाकले.

गायत्रीने खटका दाबला, बंद केला, दाबला, बंद केला. अंगठा दुखेपर्यंत, थांबून, पुन्हा. उडालेला बल्ब असा बोलत नाही. लाग, विझ. लाग, विझ. नानांच्या पाठीवर हिरवा उजेड पडत होता, जात होता. किसनला तो दिसला. त्याने नानांच्या खांद्यावर हात ठेवला. नाना वळले, त्यांनी बल्बकडे पाहिले, मग केबिनच्या काचेकडे, जिथे त्यांची मुलगी दोन्ही हात आडवे हलवत होती.

ते मागे सरले.

ती खाली पोचली तेव्हा किसनने आपल्या बाटलीतले पाणी झाकणावर ओतले होते. थेंब चर्रकन नाचले आणि नाहीसे झाले. नाना बाजूला उभे राहून, चेहरा दूर ठेवून, दोन्ही बोल्ट परत आवळत होते. पांढरी रेघ बारीक होत गेली आणि मिटली. सुट्टीत वरची टाकी कुणी भरलीच नव्हती. निववायचे पाणी पोचले नव्हते, पंप नुसती हवा ओढत होता.

"काय व्हयनं, माय?" नाना म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

ती पेटीपाशी बसली. प्लग काढला आणि उजेडात धरला. उघड्या पिनांच्या मागे लाल-तपकिरी, चिकट असे काहीतरी दाटून बसले होते आणि वाफेने पाझरून तारांमध्ये उतरले होते. तिने ते नखाने खरवडून नाकाशी नेले. कुंकू. आणि गूळ.

"नाना, हे?"

नानांनी मान खाली घातली. "काल पूजा करी ना. समदा मशीनस्ना आंगले कुंकू लावं. तुन्ही पेटीले तोंड शे, तू सांगेल व्हतं. तोंड शे तर म्हनं गूळ द्यावा. नैवेद्य."

किसनला हसू आले असावे, पण ते त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचले नाही. चुना आणि हळदीचे ओले कुंकू, वर पाघळलेला गूळ. तारांमधून जाणारा प्रत्येक आकडा त्या चिखलात रुतून बसला होता.

"म्हंजे मीच..." नाना म्हणाले.

"नाही." गायत्रीने प्लग मुठीत धरला. "पेटी आजारी होती हे ती सकाळपासून ओरडून सांगत होती, नाना. मी तिचं तोंड दाबलं."

त्यांना ते समजले की नाही, कुणास ठाऊक. दोन वाजता शेठ माल मागायला आले, आणि गायत्रीने त्यांच्याकडे असे बघितले की ते काही न विचारता परत गेले. तिने स्पिरिटने प्लग धुतला, तारांना सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, आणि वर जाऊन त्या दोन ओळी पुसल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या घातल्या: दोन सेकंदांत नवा आकडा आला नाही तर पडदा कोरा कर.

आकडे परत येऊ लागले. एकशेबारा. एकशेअकरा. एकशेबारा. त्यांचे थरथरणे बघताना तिला रडू आले.

टाकी भरून जेटमधले पाणी निवायला चार वाजले. पडदा एकोणऐंशी म्हणाला, अठ्ठ्याहत्तर म्हणाला, सत्त्याहत्तर म्हणाला. नानांनी हात वर केला. तिने खटका दाबायला बोट नेले आणि तिथेच थांबली. तिने काचेवर टकटक केले आणि ओंजळ करून हात हलवला, पाणी शिंपडावे तसा.

नाना तिच्याकडे बघत उभे राहिले. मग ते चहाच्या भांड्यांकडे गेले आणि तळाशी पडलेला तांब्या घेऊन आले. त्यांनी झाकणावर पाणी शिंपडले आणि कान जवळ नेला. थेंब हळू ओघळून खाली आले. तरीही त्यांनी पुन्हा शिंपडले, आणि तिसऱ्यांदा. मगच त्यांनी वर पाहिले, आणि तिने बल्ब लावला.

पहिल्या बोल्टला त्यांनी बोटे कपाळाला लावली नाहीत. तांब्या डाव्या हातात तसाच होता. गायत्री काचेला कपाळ टेकून मोजत राहिली, एक, दोन, तीन, आणि सहावा सुटेपर्यंत तिने श्वास पूर्ण सोडला नाही.