सांधेवाल्याची हाक

डोळे मिटा पाहू. समोर समुद्र आहे, पाठीशी गाव, आणि मधे एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. बाकांवर वाळू साचली आहे. तिकिटाच्या खिडकीत कबुतरं बसली आहेत. दिसलं? आता ऐका.

या स्टेशनातून पूर्वी मीठ आणि मासळी जायची. बर्फाचं पाणी गळून फलाट सदा ओला. मग खाडीवर पूल झाला, ट्रक आले, गाडी बंद पडली. माणसं पांगली. उरले सांधेवाले आजोबा आणि सिग्नलच्या केबिनमधले उंटकाका.

एक रूळ दुसऱ्याला जिथे मिळतो, तो सांधा. आजोबा दांडा ओढून तो जुळवायचे आणि ओरडायचे, "लागला का?" दांड्यापासून रुळाचं टोक दिसत नसे. ते दिसे उंच केबिनमधून. तिथून उंटकाका बघून सांगायचे, "लागला!" उत्तर आल्याशिवाय दांडा सोडायचा नाही, असा नियम.

गाडी थांबल्यावरही दोघं रोज सकाळी हेच करत. लोक हसत. गेल्या थंडीत उंटकाका वारले. तरी आजोबा जातात, वाळू झाडतात, दांडा ओढतात, हाक देतात. वरून कुणी बोलत नाही. समुद्र तेवढा बोलतो. हात थकून आपोआप सुटेपर्यंत ते उभेच.

त्या दिवशी वारा बोचरा होता आणि आजोबांच्या अंगात ताप. त्यांना घरी आणायला त्यांच्या नातीला, भिंगरीला, तिच्या आईने पिटाळलं.

"आजोबा, चला ना. आई जाम चिडलीय."

"उत्तर येऊ दे."

"कोण देणार? गाडीच येत नाही!"

"गाडी नाही, पण वाळू तर येते ना?"

"बरं, मी देते. लागला!"

"न बघता? उंटकाका असते तर कान उपटला असता तुझा." आजोबा हसले, हसता हसता खोकले. दांडा मात्र सोडला नाही.

भिंगरीने केबिनकडे पाहिलं. काचेतून उंटकाकांची रिकामी खुर्ची दिसत होती. तिकडे एकटीने जायला ती घाबरायची.

पण गेली. जिना कुरकुरला. तिने बाहीने काच पुसली आणि खुर्चीवर चढून खाली पाहिलं.

"लागला का?" हाक आली.

"नाही! टोकाला वाळू अडकलीय!"

आजोबा वर बघतच राहिले. उत्तर मिळालं होतं. त्यांनी दांडा सोडला, झाडू घेऊन टोकाशी गेले, वाकून वाळू काढली, परत येऊन दांडा ओढला.

"आता?"

भिंगरीने घाई केली नाही. तिने काच पुन्हा पुसली. रूळ रुळाला चिकटलेला नीट पाहिला. मग हातांचा भोंगा केला आणि समुद्रालाही ऐकू जाईल अशी ओरडली, "लागलाऽऽ! चला आता घरी!"