शिंप्याची पाटी

"आलं का गं?" नवऱ्याने फोनवर पुन्हा विचारलं.

"आलं, आलं," ती म्हणाली आणि आपल्या छपाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरकडे हताशपणे बघत राहिली. फाइल दिसत होती, पण उघडायला गेलं की 'सापडत नाही' म्हणून सांगत होती. समोर शिंपी नव्या दुकानाच्या पाटीसाठी ताटकळत उभा.

बाजारातल्या निम्म्या पाट्यांची अक्षरं तिच्या नवऱ्याने काढलेली. अर्धांगवायूच्या झटक्यात त्याचा उजवा हात गेला तेव्हापासून तो घरी होता. "मी आता घरातलं कपाट. पुसायचं आणि ठेवायचं," म्हणायचा. म्हणून तिच्या भावाने घरच्या आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर 'दुकान' नावाचा फोल्डर जोडून दिला, त्याचा शॉर्टकट अगदी समोर ठेवला. "दाजी, घरी यात ओढून सोडायचं. ताईकडे आपोआप उतरतं." शिंप्याची पाटी हे पहिलंच काम.

त्याला जमलं नाही आणि सांगायची लाज वाटतेय, असं तिला वाटलं. तिने कॉम्प्युटरमधल्या तयार अक्षरांत फ्लेक्सची पाटी छापून दिली.

संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर बघते तर पाटी पूर्ण झालेली! डाव्या हाताने काढलेली, तरी प्रत्येक वेलांटी डौलदार. पठ्ठ्याने भावाचं बघून या फाइलचाही शॉर्टकट समोर काढून ठेवला होता आणि नेमका तोच फोल्डरमध्ये टाकला होता. दुकानात पोचला तो नुसता पत्ता, पाटी राहिली घरीच. तिने कपाळावर हात मारला.

"शिंप्याला आवडली?" त्याने पलंगावरून विचारलं.

"खूश झाला."

"मग परवा ने मला. बघायचीय."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस असा फसतो. तिने गुपचूप खरी फाइल फोल्डरमध्ये टाकली, दुसऱ्या दिवशी छापली आणि शिंप्याकडे गेली.

"अहो काकू, कालचीच चांगली आहे की!"

मग तिने सगळं सांगून टाकलं. शिंप्याने मापाची टेप गळ्यातून काढली, स्टूल ओढलं आणि कालची पाटी सोडवायला लागला. "ही राहू द्या माझ्याकडे. कापायच्या टेबलावर अंथरतो."

ठरल्याप्रमाणे नवरा तिचा हात धरून बाजारात आला. पाटीसमोर, रस्त्याच्या अलीकडे उभा राहिला. डोळे बारीक करून एकेक अक्षर निरखू लागला. तिचा जीव टांगणीला लागला.

"मधलं अक्षर खाली बसलंय," तो शेवटी म्हणाला.

"मला तर काही दिसत नाही."

"तुला कसं दिसणार? अगं, डोळ्यांत खुपतंय ते. त्याला सांग, आजच दुरुस्त करून पाठवतो. तोवर कुणी वाचू नका म्हणावं."

निरोप द्यायला ती रस्ता ओलांडून गेली, तेव्हा तिला हसूही येत होतं आणि रडूही.