मेलेला माणूस चहा मागतो

दर बुधवारी दुपारी दवाखान्याच्या वरच्या खोलीत वाचनाचा गट बसायचा. पुस्तक एकच, ते हातोहात फिरायचं. ज्याला वाचायचं नसेल त्यानं मुकाट्यानं पुढे द्यायचं. नियमही एकच: वाचणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही. अडखळू दे, चुकू दे, हवं तर एकाच ओळीवर ठाण मांडून बसू दे.

सूनबाई सासऱ्यांना इथे आणायची ती या नियमाच्याच भरवशावर. सासरे शिंपी. एके काळी दुकानात सुईपेक्षा त्यांची जीभ जास्त चालायची. पण अर्धांगाच्या झटक्यानं ती जड झाली आणि चारचौघांत त्यांनी तोंडाला जणू टाकाच घातला. ‘बोलला नाहीत तर जीभ आणखी आळसावेल,’ असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी पुस्तक हातात आलं की बाबा ते गरम पातेल्यासारखं शेजाऱ्याकडे सरकवत.

गेल्या खेपेला पुस्तकाची शिवण सुटली. “बाबा, तुम्हीच शिवा, हाताला व्यायाम होईल,” म्हणत तिनं सुटी पानं घरी आणली. कोपरे झिजून पानांचे आकडे कधीच गेलेले. मांडीवरच्या बाळानं एक सणसणीत लाथ हाणली, पानं विखुरली. तिनं घाईघाईनं गठ्ठा सारखा करून दिला आणि बाबांनी झकास टाके घातले.

आज सुरुवात निवृत्त कंडक्टरकाकांनी केली. गोष्ट खुनाची. बंगल्याच्या मालकाला विष घातलेलं, गेल्या बुधवारी त्याची अंत्ययात्राही निघालेली. काकांनी पुढचं पान उलटलं.

“‘मालकांनी खुर्ची ओढली आणि चहा मागवला.’”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण नियम म्हणजे नियम! काकांनी चष्मा पुसला आणि इमानेइतबारे वाचत राहिले. मग पुस्तक नर्सताईंकडे गेलं. मालक बागेत हिंडले, दोनदा शिंकले. सूनबाईच्या एकदम लक्षात आलं. बाळाची लाथ! सांगावं तर टोकल्यासारखं होणार. बाळाच्या टोपड्यात तोंड खुपसून ती हसू दाबत बसली.

“‘मालक म्हणाले, आज मला फार बरं वाटतंय.’”

“अहो, मेलाय तो!”

आवाज जडच होता, पण खोलीभर घुमला. बाबा लालेलाल झाले होते. “पोचवून... आलो ना... आपण त्याला!”

मग जो हशा पिकला, त्यानं बाळसुद्धा दचकलं.

“नियम मोडलात, शिंपीबुवा!” काका डोळे पुसत म्हणाले. “आता दंड!”

“हिला करा.” बाबांनी सुनेकडे बोट दाखवलं. “कापड... उलटं दिलं हिनं. मी... शिवलं.”

“मी नाही हो बाबा, तुमच्या नातवानं!”

बाबांनी पुस्तक ओढून घेतलं. शिवणीवरून अंगठा फिरवत अंत्ययात्रेच्या पुढचं खरं पान शोधलं आणि वाचू लागले. एकेक शब्द सुईत दोरा ओवावा तसा. एका शब्दाला गाडी रुतली. सूनबाईचे ओठ हलले. काकांनी लगेच डोळे वटारले. तिनं शब्द गिळला. सगळ्यांच्या कपांतला चहा निवत चालला होता. अखेर तो शब्द आला, त्याच्यामागून ओळही आली.

दमले असतील म्हणून नर्सताईंनी हळूच हात पुढे केला.

बाबांनी पुस्तक छातीशी धरलं.

“थांबा,” ते म्हणाले. “पान... संपू दे.”