किल्ली मागायचं काम

नगरसभेच्या चिटणीसबाईंना सकाळपासून घास गिळवत नव्हता. अकरा वाजता त्यांना फक्त एक गोष्ट मागायची होती आणि ती मागायची होती सख्ख्या थोरल्या भावाकडे. दादा दहा वर्षं नगराध्यक्ष होता, परवा सात मतांनी पडला होता. "किल्ली द्यायला मी काय भाडेकरू आहे? बघू कोण मागतंय!" असं सकाळीच चहा पिता पिता गरजला होता.

आता अध्यक्षांच्या दालनाची किल्ली पडलेल्या अध्यक्षाकडून मागायची कुणी, तर चिटणिसानेच. रीतच तशी. आणि दादा म्हणजे असा वल्ली, की घरात पंख्याचं बटणसुद्धा दुसऱ्याला दाबू द्यायचा नाही! त्याच्यापुढे बाईंनी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. त्याने सगळ्यांदेखत नाही म्हटलं, तर?

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दादाची माणसं भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी. दादाला हरवून निवडून आलेली शिंपीण पहिल्या बाकावर पर्स घट्ट धरून बसलेली. अकराचा ठोका पडला. बाई उठल्या.

"अध्यक्षमहोदय, दालनाची किल्ली."

दादा खुर्चीतच हसला. "बस गं, गुडघे दुखतात ना तुझे?"

दुखत होते मेले! पण किल्ली हातात पडेपर्यंत चिटणीस बसत नाही, आणि चिटणीस उभा असेपर्यंत सभागृहात कुणी बसत नाही. पहिला बाक उठला, मग दुसरा. भिंतीला टेकलेली दादाची माणसंही हाताची घडी सोडून सरळ झाली. कुणी दटावलं नव्हतं की काही नाही. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. अगं बाई, ही माणसं माझ्यासाठी उभी नाहीत! मग कुणासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं. डोळे मात्र भरून आले.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. दादाचं हसू मावळलं. एवढ्या माणसांत बसलेला तो एकटाच होता.

शेवटी तो उठला आणि टेबलापाशी आला. बाईंनी जुनी वही त्याच्यापुढे सरकवली. किल्ली देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्या होत्या त्यात. त्याचं बोट एका नावावर थांबलं.

"याने? अख्खं गाव याला चळचळा कापायचं."

"त्यानेही दिली."

"आणि ही तर बाबांची सही."

"हो."

"नाही कुणीच म्हटलं नाही?"

"एकशे बारा वर्षांत कुणीच नाही, दादा."

त्याने सही केली आणि किल्ली बाईंच्या हातात ठेवली. बाईंकडून ती घेऊन शिंपीण सही करायला पुढे आली, तर पंख्याच्या वाऱ्याने पान फडफडायला लागलं. दादाने पान दाबून धरलं.

"इथे, माझ्या शेजारी," तो म्हणाला. "सावकाश."

बाई बसल्या, तसं सगळं सभागृह बसलं. आता दादा तेवढा उभा राहिला. तिसऱ्या बाकावरच्या कुणीतरी सरकून त्याला जागा करून दिली.